उन्हाळी मेजवानीसाठी फळं आणि सुगंधी पानांचं लिंबू सरबत: पाकापासून पेल्यापर्यंत

दोघांसाठी लिंबू सरबत करताना फारसा विचार करावा लागत नाही. पेल्यात लिंबू पिळलं, साखर घातली, ढवळलं, चाखलं की झालं. वीस जण येणार असले की मात्र हीच रीत अंगाशी येते. गार पाण्यात साखर विरघळता विरघळत नाही, तळाशी बसते. बर्फ आधीच घातलेला असला की तासाभरात सरबत पांचट होतं. पुदिन्याची पानं काळपट होऊन वर तरंगतात आणि सकाळी झकास लागलेलं सरबत संध्याकाळी कडसर लागतं. या प्रत्येक तक्रारीला कारण आहे आणि उपायही आहे. बहुतेक उपाय एकाच सवयीत सामावतात: रस, पाक, फळ आणि पाणी या चारही गोष्टी वेगवेगळ्या तयार ठेवायच्या आणि पाहुणे यायच्या सुमारास एकत्र करायच्या. या पद्धतीत कष्ट वाढत नाहीत, उलट आयत्या वेळची धावपळ वाचते.

पायाचं प्रमाण

खालचं प्रमाण २ लिटर सरबताचं, म्हणजे २०० मिलीच्या १० पेल्यांचं आहे. फळ आणि पानं बदलली तरी हा पाया फारसा बदलत नाही.

- लिंबाचा ताजा रस: २५० मिली
- साखर: २०० ग्रॅम
- पाकासाठी पाणी: २४० मिली
- फळाचा गाळलेला गर किंवा रस: ३०० मिली
- गार पाणी: १,१०० मिली
- लिंबाची साल: ३-४ लिंबांची
- सुगंधी पानं: प्रमाण पुढे दिलं आहे
- मीठ: पाव छोटा चमचा

२०० ग्रॅम साखर आणि २४० मिली पाणी मिळून साधारण ३५० मिली पाक होतो. या हिशेबाने तयार सरबतात दर १०० मिलीला सुमारे १० ग्रॅम साखर येते. लिंबाच्या रसात ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, ते सरबतात उतरून ०.७ टक्क्यांच्या आसपास राहतं. बर्फ न घालता चाखलं तर हे सरबत किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त आंबट लागेल. तसंच लागायला हवं, कारण पेल्यातला बर्फ वितळून ते पातळ होणारच आहे.

२५० मिली रसाला लहान, पातळ सालीची लिंबं असतील तर १२ ते १५ लागतात; मोठी, जाड सालीची पिवळी लिंबं असतील तर ६ ते ८. लिंबांची संख्या मोजून रस धरू नका, रस मापून घ्या. एकाच टोपलीतल्या दोन लिंबांच्या रसात दुपटीचा फरक पडू शकतो. सालीच्या तुकतुकीपेक्षा वजन पाहा: हाताला जड लागणारं लिंबू रसाळ निघतं.

साल आणि साखर

सरबताचा आंबटपणा रसातून येतो, पण नाकाला जाणवणारा लिंबाचा खरा दरवळ सालीतून येतो. सालीच्या रंगीत पापुद्र्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दुमडून दिव्यासमोर दाबली तर त्यातून उडणारा फवारा डोळ्यांना दिसतो. बहुतेक घरी रस घेतला की साल टाकून देतात आणि मग सरबताला वास नाही म्हणून जास्त लिंबं पिळतात. त्याने आंबटपणा तेवढा वाढतो.

हे तेल काढायला साखरेसारखं दुसरं साधन नाही. आधी लिंबं स्वच्छ करा. बाजारातल्या लिंबांवर पुष्कळदा मेणाचा थर असतो, म्हणून कोमट ते कढत पाण्याखाली धरून मऊ ब्रशने घासा आणि पुसून कोरडी करा. मग सोलाण्याने ३-४ लिंबांची फक्त रंगीत साल पातळ पट्ट्यांमध्ये काढा. पट्टीच्या मागे पांढरा भाग दिसला तर तो सुरीने खरवडून टाका, कडवटपणा तिथे असतो. लिंबं लहान असतील तर पट्ट्या काढणं अवघड जातं, तेव्हा बारीक किसणीवर हलक्या हाताने नुसता वरचा रंग किसून घ्या. किसणी एका जागी दोनदा फिरवायची नाही.

या पट्ट्या २०० ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चोळा. मिनिटभरात साखर ओल्या वाळूसारखी लागायला लागते, तिच्यावर पिवळसर किंवा हिरवट छटा येते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. भांड्यावर झाकण ठेवून किमान १ तास मुरू द्या. रात्रभर मुरलं तर फारच छान. सकाळी तळाशी थोडा तेलकट रस जमलेला दिसेल. वेळ कमी असेल तेव्हा बाकी काही गाळलं तरी चालेल, ही पायरी गाळू नका. साधं सरबत आणि लक्षात राहणारं सरबत यांत सगळ्यात मोठा फरक इथे पडतो.

पाक आणि पानं

मुरलेल्या साखरेवर २४० मिली उकळतं पाणी ओता आणि साखर विरघळेपर्यंत ढवळा. पाकाला तार यायची गरज नाही, तो उकळत ठेवायचीही गरज नाही. जास्त उकळला की पाणी उडतं, पाक घट्ट होतो आणि मापं चुकतात. सालीचा नाजूक वासही वाफेबरोबर निघून जातो.

पानं याच पाकात मुरवायची. पण सगळ्या पानांना एकच न्याय लावून चालत नाही.

रोझमेरी, थाईम, गवती चहा ही दणकट मंडळी. त्यांचा वास उष्णतेशिवाय नीट सुटत नाही, म्हणून पाक कढत असतानाच ती घाला. २ लिटर सरबताला रोझमेरीच्या बोटभर लांबीच्या २ काड्या, थाईमच्या ६-८ काड्या किंवा गवती चहाची ४-५ पानं कापून घ्या. गवती चहाच्या बुंध्याकडचा पांढरा भाग मिळाला तर तो वरवंट्याने ठेचून घाला, त्यात वास जास्त असतो. भांड्यावर झाकण ठेवा, कारण वास देणारी तेलं वाफेबरोबर उडून जातात. थाईम आणि गवती चहा २० मिनिटं राहू द्या. रोझमेरीवर मात्र नजर ठेवा: १० मिनिटांनी चाखा आणि १५ मिनिटांच्या आत काढा. ती जास्त वेळ राहिली की सरबताला कापरासारखा उग्र वास येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही.

पुदिना आणि बेझिल ही नाजूक पानं. कढत पाकात ती शिजतात आणि भाजीसारखा वास येतो. पाक बोट बुडवता येईल इतका कोमट झाला की २० ते २५ ग्रॅम पानं, म्हणजे चांगली मूठभर, घालून झाकण ठेवा. १५ ते २० मिनिटांनी गाळा. पानं खलबत्त्यात कुटू नका. पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. पानं एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदोनदा टाळी दिली की ग्रंथी फुटतात. कुटल्याने पानाच्या आतला हिरवा, गवतासारखा तुरट रसही बाहेर येतो आणि चिरडलेली पानं हवेच्या संपर्काने काळी पडतात. घरातली तुळस बेझिलऐवजी वापरता येते, पण तिच्यात लवंगेची आठवण करून देणारा तिखटपणा असतो, म्हणून ८-१० पानं पुरेत.

पुदिन्याचा हिरवा रंग सरबतात टिकत नाही. लिंबाच्या आम्लामुळे पानातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचा मळकट ऑलिव्ह रंग होतो. यावर उपाय साधा आहे: चवीसाठीची पानं पाकात मुरवून काढून टाकायची आणि दिसण्यासाठीची ताजी पानं थेट पेल्यात घालायची. जगमध्ये सकाळपासून पानं तरंगत ठेवू नका.

पाक गाळून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबाचा रस यात आत्ता घालायचा नाही.

साखरेऐवजी मध हवा असेल तर १६० ग्रॅम पुरतो, कारण तो साखरेपेक्षा गोड लागतो. सालीच्या पट्ट्या मग कोमट पाण्यात मुरवा आणि मध त्यातच विरघळवा. मधाला स्वतःचा वास असतो. तो पीच आणि थाईमबरोबर फार सुरेख जुळतो, पण स्ट्रॉबेरीला झाकून टाकतो. १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही द्यायचं नाही, एवढं लक्षात असू द्या.

लिंबं पिळताना

फ्रिजमधली गार लिंबं कमी रस देतात. तासभर आधी बाहेर काढा, ओट्यावर तळहाताने दाबत लोळवा आणि मग कापा. साल काढून घेतलेल्या लिंबांचाच रस काढायचा. ती जराशी निसरडी होतात, फडक्यात धरून कापली की हात सुटत नाही.

पिळताना शेवटचा थेंब काढायचा मोह आवरा. लिंबाच्या बियांत आणि पांढऱ्या आवरणात असा पदार्थ असतो, जो सुरुवातीला कडू लागत नाही; रसाच्या आम्लात काही तास राहिला की त्याचं लिमोनिन बनतं आणि ते चांगलंच कडू असतं. सकाळी पिळलेला रस संध्याकाळी कडवट का लागतो, याचं उत्तर यात आहे. म्हणून हलका दाब द्या, बिया पडल्या की लगेच गाळून घ्या आणि बियांसकट रस कधीही मिक्सरमधून फिरवू नका. रस काढल्यावर तो झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

भांडी काचेची किंवा स्टीलची घ्या. ॲल्युमिनियम, तांबं आणि कल्हई नसलेलं पितळ लिंबाच्या आम्लाने झिजतं, त्याचा अंश सरबतात उतरतो आणि चवही बिघडते.

उन्हाळ्यात बाहेर बसून लिंबं पिळणार असाल, विशेषतः मुलांना हाताशी घेणार असाल, तर एक काळजी अवश्य घ्या. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरानोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं तर भाजल्यासारखी लाली येते, कधी फोडही येतात, आणि मागे राहणारे काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत. हे लगेच दिसत नाही, बहुधा दुसऱ्या दिवशी उमटतं, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. लिंबं घरात किंवा सावलीत पिळा आणि उन्हात जाण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. नुसतं फडक्याला हात पुसून भागत नाही.

फळ कोणतं आणि ते कसं घ्यायचं

एका सरबतात एक फळ आणि एक पान, यापुढे सहसा जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. तीन फळं आणि दोन प्रकारची पानं एकत्र केली की कशाचीच चव ओळखू येत नाही, सगळं मिळून गोड-आंबट एवढंच उरतं. पाहुण्यांना विविधता द्यायची असेल तर दोन वेगळे जग करा. पाया तोच असल्यामुळे काम फारसं वाढत नाही.

स्ट्रॉबेरी आणि बेझिल ही जोडी पहिल्यांदा करणाऱ्यासाठी सगळ्यात सोपी. ३५० ग्रॅम पिकलेल्या स्ट्रॉबेरीचे देठ काढा, चिरा, वर २ मोठे चमचे तयार पाक घालून अर्धा तास ठेवा. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी लालभडक रस जमतो. मग मिक्सरमधून काढून बारीक गाळणीतून गाळा. स्ट्रॉबेरी शिजवू नका: उष्णतेने तिचा ताजा वास जातो, जॅमचा येतो आणि रंगही मंदावतो. लिंबाचा रस मिसळल्यावर हा लाल रंग आणखी उजळतो, कारण त्यातली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आम्लात तांबडी होतात.

ब्लूबेरीचं गणित उलटं आहे. तिचा रंग सालीत असतो, नुसती वाटून तो पुरता सुटत नाही. ३०० ग्रॅम ब्लूबेरी १०० मिली पाण्यात मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं, फळं फुटेपर्यंत शिजवा, पळीने दाबून गाळा. हे १०० मिली पाणी पुढच्या पाण्यातून वजा करा. गाळलेला रस जांभळा दिसतो. त्यात लिंबाचा रस घाला आणि पाहा, क्षणात तो गुलाबीकडे झुकतो. मुलं जमली असतील तर हे मिसळणं त्यांच्यासमोर करा. बरोबर थाईम घ्या.

कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. बाकी फळांसारखा त्याचा ३०० मिली रस घातला तर रंग येतो, चव येत नाही. म्हणून इथे प्रमाण बदला: कलिंगडाचा रस ८०० मिली, पाणी फक्त ६०० मिली, आणि फळाची स्वतःची साखर धरून पाकातली साखर १६० ग्रॅम. बिया काढून, मिक्सर थांबवत थांबवत दोनतीनदाच फिरवा आणि गाळा. कलिंगड तापवायचं नाही, तापवलं की ते भोपळ्याच्या वळणावर जातं. सोबत पुदिना. सगळ्यात उकाड्याच्या दिवशी मी हेच करेन.

पीच कापल्याबरोबर तपकिरी पडायला लागतं, म्हणून फोडींवर लगेच १ मोठा चमचा लिंबाचा रस चोळा. ३०० ग्रॅम फोडी सालीसकट थोड्या पाकात ५ मिनिटं मऊ करा; सालीमुळे सुंदर गुलाबी छटा येते. मग वाटून गाळा. थाईम किंवा थोडी रोझमेरी याला छान जाते.

अननस मिक्सरमधून काढला की भरपूर फेस येतो. रस अर्धा तास स्थिर ठेवा, वरचा फेस पळीने काढा, मग गाळा. अननसाला स्वतःचा आंबटपणा असतो, लिंबाचा रस ३० मिली कमी घ्या. पुदिना चालतो, पण रोझमेरीबरोबर अननस जास्त रुबाबदार लागतो.

आंब्याचा गर दाट असतो आणि सरबतात तळाशी बसतो. २०० मिली गर २०० मिली पाण्यात आधी सैल करून, गाळून घ्या आणि तेवढं पाणी नंतर कमी करा. गोडवा जास्त असल्याने लिंबाचा रस ३० मिली वाढवा. पान गवती चहाचं.

फ्रोझन फळं वापरायला काहीच हरकत नाही. ती पिकल्यावर गोठवलेली असतात आणि गोठताना पेशी फुटल्यामुळे रसही चांगला सोडतात. ती पूर्ण वितळू द्या आणि सुटलेलं पाणी टाकू नका, त्यात चव असते.

एकत्र करणं

मोठ्या जगमध्ये आधी लिंबाचा रस आणि मीठ घाला, मग पाक, मग फळाचा गर. मीठ खारट लागण्यासाठी नाही. चिमूटभर मिठाने कडवटपणा दबतो आणि फळाची गोडी पुढे येते. शेवटी गार पाणी, पण सगळं एकदम नाही. ९०० मिली घालून ढवळा, चाखा आणि उरलेलं २०० मिली अंदाजाने वाढवा. फळ किती गोड निघालं, लिंबं किती तेज होती, हे दर वेळी वेगळं असतं, आणि घातलेलं पाणी परत काढता येत नाही.

चाखायचं ते गार करूनच. जीभ गार असली की गोडी कमी जाणवते, त्यामुळे कोमट असताना अगदी बरोबर वाटलेलं सरबत बर्फासकट आंबट लागतं. एका लहान पेल्यात बर्फाचा खडा घालून, मिनिटभर थांबून घोट घ्या आणि मग ठरवा.

जास्त आंबट झालं असेल तर पाण्याआधी पाक वाढवून पाहा, एका वेळी २ मोठे चमचे. जास्त गोड झालं तर लिंबाचा रस वाढवा. पाण्याने गोडीबरोबर फळही पातळ होतं. चव सपाट, बेचव वाटली तर बहुतेक वेळा साखर कमी नसते, आम्ल किंवा मीठ कमी असतं. थोडं कडसर लागलं तर मिठाची आणखी चिमूट मदत करते, पण चांगलंच कडू झालेलं सरबत सावरता येत नाही. तो रस बाजूला ठेवून नवीन लिंबं पिळलेली बरी.

बर्फाचा हिशेब

१ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो, आणि १ ग्रॅम पाणी १ अंशाने गार करायला १ कॅलरी काढून घ्यावी लागते. आता ३० अंशांचं २०० मिली सरबत ४ अंशांपर्यंत उतरवायचं असेल तर जवळजवळ ६० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे पेल्यात ६० मिली पाणी घातल्यासारखंच झालं. तेच सरबत फ्रिजमधून ६ अंशांवर आलं असेल तर १० ग्रॅमही लागत नाही. सरबत पांचट होण्याचा दोष बर्फाला देतात, पण खरं कारण कोमट सरबत असतं. मिसळण्यापूर्वी चारही घटक, पाणीसुद्धा, किमान ४ तास फ्रिजमध्ये असू द्या.

बर्फ जगमध्ये घालू नका, पेल्यात घाला. खडे मोठे घ्या. त्याच वजनाच्या बारीक चुऱ्यापेक्षा त्यांचा पृष्ठभाग कमी असतो आणि ते सावकाश वितळतात. आदल्या दिवशी थोडं सरबतच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर वितळल्यावरही चव तीच राहते. गोठवलेली द्राक्षं आणि बेरी यांनीही पेला गार राहतो आणि दिसतोही सुंदर, मात्र लहान मुलांच्या पेल्यात अख्खी द्राक्षं टाकू नका, घशात अडकण्याचा धोका असतो.

सोड्याचं सरबत करायचं तर १,१०० मिली पाण्याऐवजी फक्त ३०० मिली पाणी घालून १.२ लिटर दाट सरबत तयार ठेवा. पेल्यात १२० मिली दाट सरबत आणि वर ८० मिली गार सोडा, पेला तिरका धरून कडेने ओतायचा आणि एकदाच हलकं ढवळायचं. जगमध्ये सोडा मिसळून ठेवला तर शेवटच्या पाहुण्याला बुडबुडे मिळत नाहीत. सोडा गारच हवा, कोमट पाण्यात वायू टिकत नाही.

वीस जणांसाठी

माणशी २ पेले धरले तर ८ लिटर, म्हणजे पायाच्या प्रमाणाच्या चौपट: लिंबाचा रस १ लिटर, साखर ८०० ग्रॅम, फळाचा गर १.२ लिटर. लहान लिंबं असतील तर ५० ते ६० लागतील, तेव्हा पिळायला दुसरा हात आधीच सांगून ठेवा. रोझमेरीसारखं उग्र पान चौपट न करता तिप्पट घ्या आणि चाखून वाढवा. दुपारच्या उन्हात, खेळून आलेल्या मंडळींसाठी २ पेले कमी पडतात. त्यासाठी जास्तीचं सरबत करून ठेवू नका. थोडा जास्तीचा पाक आणि काही लिंबं हाताशी ठेवा, पाच मिनिटांत एक जग होतो.

आदल्या रात्री साल साखरेत मुरत घाला, बर्फ लावा आणि पाणी फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पाक करून, पानं मुरवून, गाळून गार करत ठेवा. दुपारच्या कार्यक्रमाला ५ तास आधी लिंबं पिळून आणि फळ वाटून फ्रिजमध्ये गेलेलं असावं. पाहुणे यायच्या आधी पंधरा मिनिटं एकत्र करा.

तोटीचं मोठं भांडं वापरणार असाल तर त्यात चाळणीतून गाळलेलंच सरबत घाला. फळाच्या फोडी, बिया आणि पानं तोटीत हमखास अडकतात. सजावटीच्या चकत्या पेल्याच्या कडेला लावा. भांड्यात तासन्‌तास राहिलेल्या लिंबाच्या चकत्या पांढऱ्या भागातून कडवटपणा सोडत राहतात. गर खाली बसतो, त्यामुळे अधूनमधून लांब पळीने तळापासून ढवळा.

सगळं सरबत एकदम बाहेर काढू नका. दीड-दोन लिटरचे जग फ्रिजमधून एकेक करून आणा. ताज्या फळाचं सरबत २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर १ तासच. भांडं सावलीत आणि झाकलेलं असावं.

उरलं तर

मिसळलेलं सरबत फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगलं लागतं, त्यानंतर फळाचा ताजेपणा जातो. न मिसळलेले घटक जास्त टिकतात: पानांचा पाक स्वच्छ बाटलीत १ ते २ आठवडे, फळाचा गर २ दिवस. रस आणि गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, खडे पिशवीत भरून २-३ महिने ठेवता येतात. रसाचे खडे किती मिलीचे आहेत ते पिशवीवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी माप सोपं जातं. उरलेलं सरबत साच्यात ओतून काडी लावली तर मुलांसाठी आइसकँडी होते; त्यात लिटरला ३-४ मोठे चमचे पाक जास्त घाला, नाहीतर ती दगडासारखी कडक होते. पाकातून गाळलेल्या सालीच्या पट्ट्या टाकू नका. जाळीवर रात्रभर सुकवून साखरेत घोळवल्या की केकवर घालायला किंवा तशाच खायला उत्तम, बरणीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.